पाणी ओतणारी

आमच्या नागभीडात मला रस्त्यात बघितलं की लोक एकच शब्द विचारत. "कोण?" ना सलाम, ना कशा आहात, ना कुठे निघालात. मी म्हणायची, मीच, आणि वांगी घ्यायला निघाले. तरी समोरच्याची नजर माझ्या हातातल्या पिशवीवरून हलायची नाही. पिशवीत भाजी आहे की कापूर आणि पांढरं कापड, याची खात्री झाल्याशिवाय त्यांच्या जिवात जीव येत नसे. शेवटी वैतागून मी भाजीसाठी प्लास्टिकची लाल टोपली घेतली. टोपली दिसली की लोक जरा थांबून बोलत, उन्हाचं, पाण्याचं विचारत.

आमच्या मुसलमानांत माणूस गेलं की दफन करण्याआधी त्याला आंघोळ घालतात. त्याला गुसल म्हणतात. पुरुषाला पुरुष घालतात, बाईला बाईच घालते. खरं तर घरातल्या लेकीसुनांनीच ते करावं. पण लेकीसुना त्या वेळी हातपाय गाळून बसलेल्या असतात. आधी उजवी बाजू की डावी, पाणी किती वेळा घालायचं, कापड कसं गुंडाळायचं, हे कुणालाच धड आठवत नाही. म्हणून गावात एक तरी जाणती बाई लागते. आमच्याकडे आधी माझी सासू होती. नव्वद सालाच्या पुढेमागे तिचे गुडघे गेले, तेव्हा एकदा ती मला सोबत घेऊन गेली आणि परत येताना म्हणाली, बघितलंस ना सगळं, आता पुढच्या वेळी तू.

तिने मला विचारलं नाही हे खरं, पण मीही नाही म्हटलं नाही. उगाच सोज्वळपणा कशाला करू, मला बरं वाटलं होतं. मी सातवी शिकलेली सून, दिवसभर शिलाई मशीनवर बसून ब्लाउज शिवायची. माझ्यावाचून गावाचं काही अडावं असं त्याआधी कधी झालं नव्हतं. या कामाचा मोबदला कुणी घेत नाही, घेऊही नये, पण आपल्याशिवाय अडतं याची चटक लागते. फुकटचं काम करणाऱ्या कुणीही छातीवर हात ठेवून सांगावं, लागते की नाही ते.

या कामाला दोघी लागतात. एकीने धुवायचं, दुसरीने पाणी ओतायचं. लोकांना वाटतं ओतणं म्हणजे काय, कुणीही ओतेल. करून बघा म्हणावं. धार बारीक हवी, सारखी हवी, पाणी अंगावर आपटायला नको, आणि तोंडाकडे तर मुळीच नको. सुरुवातीला मला मिळालेल्यांपैकी एक रडता रडता अख्खी बादली पालथी करायची. दुसरीला मधेच घेरी यायची, मग मयत बाजूला ठेवून तिच्याच तोंडावर पाणी मारायची वेळ. तिसरी बाहेर जाऊन सांगत सुटली की अमकीच्या पाठीवर केवढा डाग होता. तिला मी पुन्हा पडद्याच्या आत येऊ दिलं नाही. इथे जे दिसलं ते इथेच ठेवायचं असतं. मी आजवर ठेवलं आहे आणि या कागदावरही त्यातलं काही येणार नाही.

मग ती आली.

ती बांगड्यावाली होती. माहेर सावलीकडच्या एका खेड्यात, अख्ख्या गावात मुसलमानाचं घर तिचं एकच. धानाच्या बांध्यांत शेतकऱ्यांच्या पोरींबरोबर वाढली, त्यामुळे बोलणं तिकडचंच. आमच्या मोहल्ल्यात घरोघरी हिंदी चालायची, आणि ती हिंदी बोलायला लागली की बाकीच्या तोंडाला पदर लावून हसायच्या. मी मराठी शाळेतली, म्हणून आमचं दोघींचं मराठीत जमलं. सगळ्या मला आपा म्हणत, ती एकटी बाई म्हणे. तिचा नवरा लवकर गेला होता, घरात ती आणि एक लहान लेक. टोपलीत बांगड्या घेऊन ती खेडोपाडी फिरायची आणि लग्नसराईत नवऱ्या मुलींच्या हातात हिरवा चुडा भरायची. तिचं घर त्या चुड्यावरच चालायचं.

तिच्यासारखी पाणी ओतणारी मला पुन्हा मिळाली नाही. शिवाय तिच्याजवळ एक कसब होतं. मयत बाईच्या हातातल्या बांगड्या काढाव्या लागतात. हात ताठलेले असतात, मग लोक त्या फोडतात, आणि तो आवाज पडद्याबाहेर बसलेल्या लेकीला ऐकू जातो. ही साबणाचा फेस करायची, त्या बाईचा अंगठा हळूच तळव्याकडे दुमडायची आणि एकेक बांगडी अख्खी काढून माझ्या ओंजळीत ठेवायची. काढताना तोंडाने पुटपुटणं चालू. दे वं माय, दे, झालंच आता. खेड्यातल्या एखाद्या हट्टी पोरीशी बोलावं तसं.

मी एकदा तिला विचारलं, तुला भीती नाही वाटत? ती म्हणाली, "जित्या बाया मले माह्या हिंदीवरून हासतात. ह्या तरी हासत नाईत."

काम आटोपलं की आम्ही माझ्या घरी यायचो, आंघोळी करायचो आणि मागच्या अंगणात पेरूच्या झाडाखाली चहा घेऊन बसायचो. तिथे ती एकेकीची नक्कल करायची. आम्ही गल्लीतून निघालो की कोण पोराला आत ओढतं, कोण दुधाच्या पातेल्यावर झाकण ठेवतं, कोण उगाच आभाळाकडे बघतं. इतकं हसायचो की डोळ्यांतून पाणी यायचं. माझ्या नवऱ्याचं स्टेशनजवळ सायकलचं दुकान होतं. तो दुपारी जेवायला आला की दारातूनच विचारायचा, तुम्ही मयतीहून आल्या की वरातीहून? लोकांना आमचं हसणं कळलं असतं तर त्यांनी आम्हाला गावातून हाकललं असतं. पण तो चहा नसता तर मी ते काम दोन वर्षंही केलं नसतं.

एकदा गावातल्या मंडळाने समाजसेवा करणाऱ्यांचा सत्कार ठेवला. प्रौढांना अक्षरं शिकवणारी बाई होती, उन्हाळ्यात पाणपोई चालवणारे भाऊ होते, दहा वेळा रक्त दिलेला एक जण होता. आमचंही नाव यादीत आलं. मग एक कार्यकर्ते घरी येऊन, घसा खाकरत म्हणाले की स्टेजवर पाहुणे असतील, लहान मुलं असतील, तेव्हा तुमची शाल घरीच पाठवतो. पाठवलीही. दोघींत एक. मी संतापून ती परत द्यायला निघाले होते. तिने माझ्या हातातून घेतली आणि पेरूखाली अंथरली. म्हणाली, बूड तरी गरम राहील. पुढे कित्येक वर्षं आम्ही त्या शालीवर बसून चहा प्यायलो.

मी रडगाणं गात नाही. या कामाने मला दिलंही. भद्रावतीच्या कॉलनीतून एका तरण्या सुनेला तिच्या माहेरी, आमच्या गावात आणलं होतं. सगळं झाल्यावर तिच्या आईने माझे दोन्ही हात धरले आणि कितीतरी वेळ सोडले नाहीत. असे हात आयुष्यात दुसऱ्या कुणी माझे धरले नाहीत, नवऱ्यानेसुद्धा नाही. जिने मला उभ्या जन्मात कधी ये म्हटलं नाही, तिचे केस विंचरताना तिच्यावरचा राग उतरायचा. मरणाची भीतीही गेली. हे सगळं मिळालं.

पण लग्नाचं बोलावणं आलं तर ते फक्त जेवायला. मेहंदीला नाही, हळदीला नाही, बाळंतिणीच्या खोलीत तर नाहीच. नात्यातल्या एका मुलीच्या मेहंदीला मी आपण होऊन गेले आणि कोन हातात घेतला. मुलीच्या आईने तो हसत हसत माझ्या हातातून काढून घेतला, म्हणाली, आपा, तुम्ही दमल्या असाल, बसा. मी कशाने दमणार? सकाळपासून इकडची काडी तिकडे केली नव्हती.

आणि मग त्या म्हातारीची गोष्ट. आमच्यापासून तिसरं घर. तिला ताप आला म्हणून मी साबुदाण्याची पेज करून घेऊन गेले. शेजारधर्म म्हणून गेले, डोक्यात दुसरं काही नाही. म्हातारीने मला दारात बघितलं, भिंतीकडे तोंड फिरवलं आणि मरताना म्हणतात तो कलमा मोठ्याने म्हणायला लागली. सुनेने माझ्यापुढे हात जोडले. अजून नाही आपा, म्हणाली, अजून नाही हो. मी पेजेचं भांडं तिथेच उंबऱ्यावर ठेवून परत आले. म्हातारी तिसऱ्या दिवशी खडखडीत बरी झाली, पुढे चार वर्षं जगली, आणि चारही वर्षं मी दिसले की दार लावून घ्यायची.

माझ्या मैत्रिणीला हे सांगितलं तर ती शालीवर लोळून हसली. म्हणाली, तुले पाहून मेली असती तं आपल्यालेच धुवा लागली असती. मीही हसले, पण त्या दिवशी कानाला खडा लावला. आजारी माणसाच्या दारात पाऊल ठेवायचं नाही. कितीही जवळचं असो. आपण जायचं ते सगळं संपल्यावर. हा नियम मी देवाच्या नियमासारखा पाळला, आणि त्याचं मला कौतुकही होतं. मला वाटायचं मी दुसऱ्यांचा केवढा विचार करते.

अकरा वर्षं आम्ही दोघींनी काम केलं. मग एका लग्नसराईत ती एका खेड्यात नवरीच्या हातात चुडा भरत होती आणि एक बांगडी तडकली. काचच ती, तडकते. पण नवरीची आत्या म्हणाली की नागभीडला मुर्दे धुते ती हीच बाई. मग त्यांनी तिच्यासमोर नवरीच्या हातातल्या सगळ्या बांगड्या उतरवल्या आणि तिच्या टोपलीत परत ठेवल्या. कुणी वाईट बोललं नाही. पाणी दिलं, गूळ दिला, आणि वाटेला लावलं. त्यानंतर एकामागून एक गावं बंद झाली. ती टोपली घेऊन जायची आणि तशीच्या तशी भरलेली परत आणायची.

पेरूखाली चहा पितानाच तिने मला सांगितलं. "बाई, मले आता बलावू नोको."

का, ते मला ठाऊक होतं, तरी मी विचारलं. ती म्हणाली की त्या मायांचा काय दोष, पोरीच्या हातात पहिला चुडा भरताना त्यांना भेव वाटणारच. आपली लेक आता मोठी झाली, तिचं करायचं आहे, आणि बांगड्यांशिवाय आपल्याला दुसरं काही येत नाही. एवढं नीट समजावून सांगितलं तिने. मी समजून घ्यायला हवं होतं. पण मी तशी तोंडाची फटकळ, आणि त्या क्षणी मला एवढंच दिसलं की उद्यापासून त्या शालीवर मी एकटी. म्हटलं, जा मग. तुला कोण धुवेल तेवढं बघून ठेव.

तिने कप खाली ठेवला. "तूच धुशील. मले दुसरं कोन हाये?" म्हणाली, आणि चपला घालून गेली.

पुढे दोन वर्षांच्या वर गेली. ती बाजारात दिसायची. लांबून विचारायची, बाई, बरी आहेस ना? मी मान हलवायची आणि मिरच्या निवडायला लागायची. मी फुगून बसले होते, सरळ सांगते. मनात म्हणायची, हिला सवाब नको, पुण्य नको, हिला बांगड्या हव्या. सेवा करणाऱ्यांची ही वाईट खोड आहे. आपण एखादं ओझं उचललं की शेजारचा रिकाम्या हाताने चाललेला बघवत नाही. पाणी ओतायला कुणी ना कुणी मिळायची, काम व्हायचं. घरी येऊन मी आंघोळ करायची आणि चहा स्वयंपाकघरातच उभ्याने प्यायची. अंगणात बसावंसं वाटत नसे. त्या दोन वर्षांत माझ्याशी मनापासून बोललं असं कुणी मला आठवत नाही. नवरा होता, पण तो संध्याकाळी टीव्हीसमोर बसला की तिथलाच व्हायचा.

मग एक दिवस त्यानेच दुकानातून बातमी आणली. तिच्या पोटात गाठ निघाली होती. दिराने तिला चंद्रपूरच्या दवाखान्यात नेलं, तिथे महिनाभर ठेवलं, आणि मग डॉक्टरांनी सांगितलं की आता घरी न्या. तिला एसटीने घरी आणलं होतं, सीटवर आडवी करून.

मी त्या रात्री जेवले नाही. नवरा म्हणाला, उद्या सकाळी जाऊन ये. मी म्हटलं, मी आजाऱ्याकडे जात नाही, तुम्हाला माहीत आहे. तो वैतागला. म्हणाला, ती म्हातारी काय नि ही काय. अकरा वर्षं तुझ्या शेजारी उभी राहिलेली बाई, ती तुला भिणार आहे का? मी म्हटलं, अंथरुणाला खिळलं की माणूस बदलतं. आणि घरात तिची लेक आहे, तिचं काय होईल मला दारात बघून? त्याने टीव्ही लावला. माझं म्हणणं त्याला पटलं असं मी धरून चालले.

पण ते अर्धंच खरं होतं. उरलेलं अर्धं असं, की मी कोणत्या तोंडाने जाणार होते? तुला कोण धुवेल ते बघून ठेव, असं म्हणून बसले होते मी. आता जाऊन तिच्या उशाशी बसायचं म्हणजे ते वाक्य माझ्याबरोबर आत येणार. माफी मागायची तर माझी जीभ रेटत नव्हती. त्यापेक्षा तो नियम बरा होता. नियमाच्या आड बसलं की आपण भले ते भलेच राहतो.

बावीस दिवस ती घरात होती. रोज मी तिच्या गल्लीतून बाजारात जायची. माझ्या घराकडून ती वाट लांबची पडते. तिच्या खिडकीला एक जुनी ओढणी पडद्यासारखी लावलेली असायची. आतून कधी खोकल्याचा आवाज, कधी भांड्याचा. मी पाय जरा हळू टाकायची आणि पुढे व्हायची. एकदा नवऱ्याच्या हाती मोसंबी पाठवली आणि बजावलं की माझं नाव सांगू नका. जणू काही त्याची बायको कोण हे गावाला ठाऊक नव्हतं. एकदा तिची लेक बादली घेऊन बाहेर आली आणि आमची नजरानजर झाली. ती काहीतरी बोलणार असं वाटलं. मी लाल टोपली सावरत दुसऱ्या गल्लीत वळले. घरी आल्यावर बघते तर टोपली रिकामी, बाजारात जायचंच राहून गेलं होतं.

रोज ठरवायची, उद्या जाईन. एखाद्या सकाळी साडी बदलून दारापर्यंतही यायची. मग ती म्हातारी आठवायची, भिंतीकडे फिरवलेलं तिचं तोंड आठवायचं. माझ्या मैत्रिणीने तसं तोंड फिरवलं तर? त्यापुढे माझी मजल जायची नाही.

तेविसाव्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला तिचा दीर आमच्या दारात आला. मी पिशवी घेतली आणि निघाले. या वेळी वाट लांबची वाटली नाही.

घरामागच्या जागेत चादरी बांधून आडोसा केला होता, मशिदीतून लाकडी तख्त आणलं होतं, बोरीचा पाला टाकून पाणी उकळायला ठेवलं होतं. सगळं व्यवस्थित. पाणी ओतायला दोघी जणी पुढे आल्या. मी त्यांना नको म्हटलं. का नको, ते मलाही सांगता आलं नसतं. तेवढ्यात तिची लेक उठली. वीस-एकवीस वर्षांची पोर, डोळे सुजलेले. म्हणाली, मी ओततो. मला वाटलं ही मधेच कोसळेल. पण तिने तांब्या धरला, आणि धार अशी बारीक, अशी सारखी पडली की मी एकदा वळून बघितलं. घरी आईला बघून बघून शिकली असणार.

माझ्या मैत्रिणीच्या हातात दोन बांगड्या होत्या. साबण लागला नाही. हात इतके वाळले होते की मी मनगट उचललं आणि त्या आपोआप माझ्या तळव्यात उतरल्या.

डोकं धुऊन झालं, उजवी बाजू झाली. तिला डाव्या बाजूसाठी वळवताना पोर हळू आवाजात म्हणाली, "खाला, अम्मी तुमची वाट पाहून राह्यली होती."

मी म्हटलं, पाणी ओत. या वेळी बोलायचं नसतं.

ती ओतत राहिली आणि बोलतही राहिली. "रोज म्हणे, बाईले बलावून आन. ते काऊन येत नाई मले मालूम हाये, म्हणे. तिले सांग, मी तिले भेत नाई."

माझा हात थांबला. मी विचारलं, मग सांगितलं का नाहीस मला?

"आली होती मी. दोनदा आली होती तुमच्या फाटकापर्यंत. कडीले हातच नाई लागला माहा. मले वाटे, तुम्ही घरात आल्या का अम्मी गेली. तुम्ही नाई आल्या तं अम्मी राहीन."

तांब्यातलं पाणी संपलं होतं. ती तशीच रिकामा तांब्या वाकडा धरून उभी राहिली. मला आधी तिचा राग आला. असा आला की तो तांब्या हिसकावून घ्यावासा वाटला. दोनदा माझ्या दारातून ही परत गेली आणि बावीस दिवस मी हिच्या दारावरून. मग राग गळून पडला, कारण त्या पोरीला काय म्हणायचं? अख्खं गाव जे मानत होतं तेच तिने मानलं. आणि मी तरी दुसरं काय मानलं होतं? मला वाटायचं मी या खुळ्या लोकांपेक्षा वेगळी आहे. लोक माझ्या पावलांना भ्यायचे, आणि त्यांचं बघून बघून मीही माझ्याच पावलांना भ्यायला शिकले होते. एकच बाई भ्यायली नव्हती, आणि ती माझ्यासमोर तख्तावर होती.

मी म्हटलं, भर बेटा तांब्या. अजून कापराचं पाणी राहिलंय.

आम्ही दोघींनी सगळं रीतीने केलं. अंग पुसलं, केसांचे दोन पेड घालून छातीवर ठेवले, कफनाची पाचही कापडं एकावर एक गुंडाळली, चेहरा तेवढा उघडा ठेवला. आता बाहेरच्या बायकांना शेवटचं बघायला आत बोलवायचं असतं, आणि मग पुरुष जनाजा उचलतात. या वेळी उशीर करत नाहीत. मी एवढ्या वर्षांत कधीच केला नव्हता. पण त्या दिवशी मी पोरीला म्हटलं, जा, तोंड धुऊन ये, मग बोलावू सगळ्यांना. ती गेली. आडोशात आम्ही दोघीच राहिलो.

कोपऱ्यात एक पाट होता. तो मी ओढून तिच्या उशाशी घेतला आणि बसले, आजाऱ्याजवळ बसतात तशी. मग विचारलं, कसं आहे गं आता? काल झोप लागली होती का? पोटात फार दुखलं का? मोसंबी गोड निघाली का, आंबट असली तर त्या फळवाल्याला मी बघून घेते. तिला सांगितलं की नवी पाणी ओतणारी अगदीच वेंधळी आहे, दर वेळी माझी साडी भिजवते. पेरूला यंदा फार फळं आली, खायला कुणी नाही. सांगितलं की मी फुगले होते गं, दुसरं काही नव्हतं. तू बांगड्या भरायला गेलीस ते बरोबरच केलंस. एवढं बोलायला मला अडीच वर्षं लागली. रडायचं नाही असं मी इतक्या जणींना सांगत आले, ते मला पाळता आलं नाही.

बाहेर पुरुष खोकायला लागले. उन्हं वर आली होती, त्यांची घाई बरोबरच होती. तिच्या दिराने चादरीपलीकडून दोनदा हाक मारली. तिसऱ्या हाकेला त्याने जरा मोठ्याने विचारलं, आपा, झालं का?

मी पाटावरून उठले नाही. म्हटलं, "थोडं थांबा. आत्ताच आले मी."